लिस्ट देणारी एपीआय: नुसता अ‍ॅरे पाठवायचा की बाहेर रॅपर हवा?

रात्रपाळी

मंडळी, टीममध्ये दोन तट पडलेत, कुणीतरी तिऱ्हाइताने निकाल द्या. आमची तक्रार-निवारणाची एक सर्व्हिस आहे, रेस्ट एपीआय (वेब पत्त्यांवरून दुसऱ्या प्रोग्रामना डेटा देणारी सोय), आणि /तक्रारी वर गेट मारला (म्हणजे डेटा मागितला) की सध्या थेट जेसन अ‍ॅरे येतो, म्हणजे जेसन या डेटा मजकुरात लिहायच्या पद्धतीत चौकोनी कंस उघडला, आत एकामागून एक तक्रारी, कंस बंद, विषय संपला. रेकॉर्ड कमी होते तोवर कुणाला काही वाटलं नाही. आता टेबल फुगलंय, मोबाइलवर स्क्रीन उघडली की चाक फिरत बसतं, त्यामुळे पेजिनेशन (लिस्ट पानापानाने देणं) आणायचंच असं ठरलंय. पण मग पुढचं पान आहे की नाही, किती आहेत एकूण, हे लिहायचं कुठे? अ‍ॅरेमध्ये तर जागाच नाही.

एक जण म्हणतो बाहेर ऑब्जेक्ट (महिरपी कंसात नावं दिलेली फील्ड्स) करा, हाच तो रॅपर, आत 'आयटम्स' आणि शेजारी 'टोटल', 'पेज' वगैरे. दुसरा म्हणतो हे रेस्ट नव्हे, बॉडीत (उत्तराच्या मजकुरात) फक्त रिसोर्स (इथे तक्रारी) असावेत, बाकीचं सगळं हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत). मोबाइलवाल्याला टोटल हवीच आहे, नाहीतर तो 'पान ३ / ४१२' दाखवणार कसं. शिवाय फिल्टर लावून एकही तक्रार सापडली नाही तर सध्या ४०४ ('सापडलं नाही' हा कोड) जातो, ते बरोबर आहे का? आणि प्रत्येक तक्रारीच्या आत तक्रारदाराचं आख्खं प्रोफाइल आणि सगळ्या कमेंट्स कोंबलेल्या आहेत, त्याऐवजी नुसत्या लिंका द्याव्यात असं एक मत आहे.

नवीन व्हर्जन काढायची परवानगी मिळालीये, पण ती परत परत मिळणार नाही, तेव्हा जे करायचं ते एकदाच.

सर्व्हरवाला

रॅपर. डोळे झाकून रॅपर.

कारण साधं आहे, अ‍ॅरे हा सगळ्यात बाहेर असला की त्याच्या शेजारी काही ठेवायला जागाच उरत नाही, आणि ते तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. आज पुढच्या पानाची लिंक हवीये, उद्या कुणाला 'हा डेटा अमुक वेळेचा आहे' असा शिक्का हवा असेल, परवा एखादी वॉर्निंग. ऑब्जेक्टमध्ये नवीन फील्ड टाकलं तर जुने क्लायंट त्याकडे बघतही नाहीत, अ‍ॅरेचा ऑब्जेक्ट केला तर सगळेच्या सगळे बोंबलतात. आणि बहुतेक सगळ्या तयार फॉरमॅट्सनी हेच केलंय बघा, जेसन-एपीआय (१.० आलं २०१५ मध्ये) 'डेटा' म्हणतं आणि शेजारी 'लिंक्स' आणि 'मेटा' ठेवतं, ओडेटा 'व्हॅल्यू' म्हणतं, हॅल 'एम्बेडेड' मध्ये टाकतं, स्ट्राइपच्या लिस्टमध्ये 'डेटा' आणि 'हॅज-मोअर'. नावं वेगवेगळी, सांगाडा तोच. नाव काय ठेवायचं यावर मीटिंग घेऊ नका, एक धरा आणि सगळ्या लिस्टना तेच ठेवा. सगळ्यात वाईट काय तर तक्रारींच्या लिस्टमध्ये 'तक्रारी' फील्ड, युजर्सच्या लिस्टमध्ये 'युजर्स', मग क्लायंटला पेजिनेशनचा एकच कोड सगळीकडे वापरता येत नाही.

बाहेर अ‍ॅरे नको म्हणायचं एक जुनं कारण सिक्युरिटीचं पण होतं. नुसता अ‍ॅरे हा जावास्क्रिप्ट म्हणून चालतो, म्हणून दुसऱ्याच साइटवर स्क्रिप्ट टॅगमध्ये तुमची यूआरएल टाकायची, तिथे अ‍ॅरेचा कन्स्ट्रक्टर आधीच बदलून ठेवायचा आणि लॉगिन केलेल्या माणसाचा डेटा उचलायचा असा प्रकार जुन्या ब्राउझरमध्ये जमायचा. महिरपी कंसाने सुरू होणारं जेसन मात्र स्क्रिप्ट म्हणून सिंटॅक्स एररच देतं. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट मध्ये सगळा रिस्पॉन्स 'डी' नावाच्या फील्डमध्ये गुंडाळलेला दिसायचा तो ह्याचसाठी. आताच्या ब्राउझरमध्ये ते भोक बुजलंय, त्यामुळे आज कुणी हे कारण पुढे केलं तर फार ताणू नका.

४०४ चं म्हणाल तर चूक आहे. /तक्रारी हा रिसोर्स जागेवर आहे ना? मग तो सापडला, फक्त रिकामा आहे. २०० ('सगळं ठीक') आणि आत रिकामा अ‍ॅरे. २०४ ('मजकूर नाही') पण नको, बॉडीच नसली की अर्धे क्लायंट पार्स करताना आपटतात. /तक्रारी/९९९९ नावाची तक्रारच नसेल तेव्हा ४०४ द्या खुशाल.

निळी_शाई

डोळे उघडे ठेवून नको म्हणतो 🙂

रॅपरवाले विसरतात की एचटीटीपीला आधीच एक रॅपर आहे, त्याला हेडर म्हणतात. लिंक हेडर काही कुणाच्या घरचा जुगाड नाही, २०१० मध्ये आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक नियम मांडणारा दस्तऐवज) ५९८८ आली, २०१७ मध्ये तिची जागा आरएफसी ८२८८ ने घेतली. 'रेल' मध्ये नेक्स्ट, प्रीव्ह, फर्स्ट, लास्ट असं लिहायचं आणि यूआरएल द्यायची. गिटहबची एपीआय वर्षानुवर्षं असंच करते, बॉडीत नुसता अ‍ॅरे, लिंका हेडरमध्ये, आणि जगभरचे लोक वापरतायत. फायदा असा की बॉडी म्हणजे नुसती लिस्ट, टाइप्ड भाषेत थेट 'तक्रारींची लिस्ट' म्हणून डीसिरियलाइज करा (मजकुरातून परत डेटा बनवा), मध्ये एक फालतू क्लास लागत नाही. आणि हेड रिक्वेस्ट मारून बॉडी न उतरवता पानांची माहिती मिळते ते वेगळंच.

'रेस्ट नव्हे' हा मुद्दा मात्र सोडून द्या, रॅपर लावल्याने रेस्ट बाटत नाही. रेस्ट ही कल्पना मांडणारा रॉय फील्डिंगचा प्रबंध २००० सालचा, तेव्हा जेसन प्रचारातही नव्हतं. लिस्ट हा स्वतः एक रिसोर्स आहे आणि त्याचं चित्रण कसं करायचं ते तुम्ही ठरवता. उलट रेस्टच्याच भाषेत बोलायचं तर पुढच्या पानाची यूआरएल सर्व्हरने हातात द्यायला हवी, क्लायंटने 'पेज=४' असं स्वतः जोडत बसू नये. ती हेडरमध्ये दिली काय, बॉडीत दिली काय, हायपरमीडिया (उत्तरातच पुढच्या लिंका देणं) म्हणून दोन्ही सारखंच.

सर्व्हरवाला

@निळी_शाई गिटहबचंच सर्च बघा की मग. तिथे 'टोटल काउंट', 'इनकम्प्लीट रिझल्ट्स' आणि 'आयटम्स' असा रॅपर आहे. म्हणजे लिस्टबद्दल काही सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनाही ऑब्जेक्टच करावा लागला ना.

आणि वेब डॅशबोर्ड वेगळ्या डोमेनवर असेल तर अजून एक गंमत. सर्व्हरने लिंक हेडर पाठवला, नेटवर्क टॅबमध्ये छान दिसतोय, पण जावास्क्रिप्टमधून वाचायला जावं तर नल (काहीच नाही). कारण कॉर्समध्ये (एका डोमेनच्या पानाने दुसऱ्या डोमेनचा डेटा वाचण्याच्या नियमांत) कंटेंट-टाइप, कॅश-कंट्रोल असे मोजकेच रिस्पॉन्स हेडर ब्राउझर वाचू देतो, बाकीच्यांसाठी सर्व्हरला 'अ‍ॅक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्स' मध्ये नाव द्यावं लागतं. नवीन माणूस यात हमखास अडकतो, डोळ्यांना दिसतंय आणि कोडला दिसत नाही.

निळी_शाई

हां ते खरंय. एक ओळीचं कॉन्फिग आहे पण माहीत असायला हवं. मी अजूनही माझ्या मतावर आहे पण दोन वेगळ्या क्लायंटच्या टीम असतील आणि त्यांना हेडर वाचायची सवय नसेल तर रॅपरला माझा विरोध नाही.

जुनं_खोड

अ‍ॅरे का ऑब्जेक्ट हा भांडायला सोपा प्रश्न आहे म्हणून सगळे त्यावर भांडतात. रात्रपाळी, तुम्हाला पुढे छळणार आहे ती ती मोबाइलवाल्याची 'पान ३ / ४१२' वाली मागणी. रॅपर नंतर सहा महिन्यांनी नको वाटला तरी तो नुसता एक जास्तीचा कंस आहे. पण रिस्पॉन्समध्ये पान नंबर आणि टोटल एकदा दिली की तुम्ही दोन वचनं दिलीत, की कुठल्याही पानावर थेट उडी मारता येईल आणि एकूण आकडा प्रत्येक वेळी मोजून मिळेल. ही दोन्ही वचनं डेटाबेसला महागात पडतात आणि ती काढून घेता येत नाहीत, कारण तोवर कुणीतरी त्यावर स्क्रीन बांधलेली असते.

उडीचं आधी बघू. पान नंबर म्हणजे खाली डेटाबेसमध्ये ऑफसेट (सुरुवातीच्या किती ओळी वगळायच्या तो आकडा). लिमिट २० ऑफसेट २००००० म्हटलं की डेटाबेस काही दोन लाखाव्या ओळीवर जादूने जाऊन बसत नाही, आधीच्या दोन लाख ओळी काढतो आणि फेकून देतो, मग २० देतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की ऑफसेटने वगळलेल्या ओळी सर्व्हरला काढाव्याच लागतात. पहिली पानं झटकन येतात म्हणून टेस्टिंगमध्ये कळत नाही, सगळं एक्स्पोर्ट करणारी एखादी स्क्रिप्ट शेवटच्या पानांकडे सरकायला लागली की हळूहळू मरते. इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनने तर सरळ दार लावलंय, डीफॉल्टला १०००० च्या पुढे असं जाताच येत नाही.

पण स्पीडपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खटकते, ऑफसेटवर डेटा बरोबर येत नाही. नवीन तक्रारी वर, जुन्या खाली असा क्रम धरा, पानाला २०. मी पहिलं पान वाचतोय तेवढ्यात तीन नवीन तक्रारी आल्या. सगळं तीनने खाली सरकलं. आता मी दुसरं पान मागितलं तर पहिल्या पानावरच्या शेवटच्या तीन मला परत दिसतात. हे तरी दिसतं. उलट झालं, म्हणजे पहिल्या पानावरच्या तीन डिलीट झाल्या किंवा बंद होऊन फिल्टरच्या बाहेर गेल्या, तर सगळं वर सरकतं आणि दुसऱ्या पानावर यायला हव्या होत्या त्या तीन तक्रारी मला कुठल्याच पानावर दिसत नाहीत. एरर नाही, लॉग नाही, काही नाही. 'उघड्या तक्रारी' असा फिल्टर लावून काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे रोज घडणार, कारण तो स्वतःच त्या बंद करत पुढे चाललाय.

म्हणून कर्सर. 'तिसरं पान द्या' म्हणायच्या ऐवजी 'ह्या तक्रारीच्या पुढच्या २० द्या' म्हणायचं. क्वेरीत तारीख आणि आयडी दोन्हीची जोडी घेऊन तुलना करायची, (तारीख, आयडी) ह्या शेवटच्या जोडीपेक्षा लहान, क्रमही त्याच दोघांवर, आणि त्या जोडीवर इंडेक्स. नुसत्या तारखेवर नको. एकाच क्षणी दोन तक्रारी आल्या आणि पानाची हद्द नेमकी त्यांच्या मधून गेली तर एक गळते. आयडी तिथे बरोबरी फोडायला आहे. आणि बदलणाऱ्या कॉलमवर, म्हणजे 'शेवटचा बदल' वगैरे, क्रम लावला तर कर्सर असूनही ओळी इकडून तिकडे उड्या मारणार, ते टळत नाही, निदान माहीत असू द्या.

पुढचं पान आहे का हे कळायला काउंट लागत नाही. २० हवेत तर २१ मागा. एकविसावी आली तर ती फेका आणि 'नेक्स्ट' द्या, नाही आली तर 'नेक्स्ट' नल. एवढंच.

कर्सर क्लायंटला बंद डबा म्हणून द्या, बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या सांकेतिक रूपात) गुंडाळून, शक्य असेल तर सहीसकट. उघडी तारीख आणि आयडी दिलीत की कुणीतरी शहाणा ती स्वतः बनवून पाठवायला लागतो आणि मग उद्या क्रमाची पद्धत बदलायची तुमची सोय गेली. फिल्टर आणि क्रम हेही त्या डब्यात किंवा निदान त्यांचा हॅश (त्यांच्यावरून काढलेला छोटा ठसा) ठेवा, म्हणजे 'उघड्या' तक्रारींचा कर्सर घेऊन 'सगळ्या' तक्रारींचं पुढचं पान मागितलं तर ४०० ('चुकीची रिक्वेस्ट') देता येईल, नाहीतर काहीतरी अर्धवट जाईल.

रात्रपाळी

@जुनं_खोड हे डिलीटवालं वाचून पोटात गोळा आला, कारण सपोर्टची माणसं अक्षरशः तसंच काम करतात, उघड्या तक्रारींची लिस्ट लावून वरून खाली बंद करत जायचं. मग टोटलचं काय करू? मोबाइलवाला ऐकणार नाही. आम्ही स्प्रिंगमध्ये (जावाच्या एका फ्रेमवर्कमध्ये) आहोत, त्याचा पेज ऑब्जेक्ट आहे तसाच बाहेर पाठवला की टोटल, पानं, सगळं आयतं मिळतं असं तो म्हणतोय.

जुनं_खोड

आयतं मिळतं आणि तिथेच फसायला होतं. तो ऑब्जेक्ट जसाच्या तसा जेसन करून पाठवला की स्प्रिंग डेटाच्या आतली रचना हीच तुमची एपीआय झाली, 'पेजेबल', 'सॉर्ट', सगळा पसारा बाहेर. हल्लीच्या व्हर्जनमध्ये स्प्रिंग स्वतःच लॉगमध्ये वॉर्निंग देतं की असं करू नका, रचनेची हमी नाही. शिवाय त्यात पानं शून्यापासून मोजतात, त्यावरून वेब आणि मोबाइलमध्ये एकाचा फरक पडून होणारी भांडणं वेगळी. आणि त्या टोटलसाठी प्रत्येक पानाला मागे एक काउंट क्वेरी पळते. पोस्टग्रेसमध्ये काउंटला कुठली ओळ तुम्हाला दिसते कुठली नाही हे तपासावं लागतं, तयार आकडा कुठे ठेवलेला नसतो, त्यामुळे मोठ्या टेबलवर २० ओळी आणायला लागणाऱ्या वेळेपेक्षा त्या मोजायलाच जास्त वेळ जातो.

त्याला एक प्रश्न विचारा: ४१२ पानांपैकी २८७ व्या पानावर कोण जातं? मोबाइलवर तर बोटाने खाली सरकवतात, पान नंबर हवाय कुणाला. माणसाला खरं हवं असतं ते 'बऱ्याच आहेत की थोड्या', आणि त्याला अंदाज पुरतो. 'टोटल' मागितली तरच द्या, वेगळ्या पॅरामीटरने, आणि एका मर्यादेपर्यंतच मोजा. इलॅस्टिकसर्च सातव्या व्हर्जनपासून हेच करतं, १०००० पर्यंत मोजतं आणि पुढे असेल तर आकड्याशेजारी 'इतके किंवा जास्त' अशी खूण देतं. स्क्रीनवर '१००००+' लिहा, कुणी तक्रार करत नाही.

अ‍ॅडमिनच्या छोट्या लिस्ट, म्हणजे खात्यांची यादी, तक्रारीचे प्रकार वगैरे, तिथे पान नंबर ठेवलात तरी काही बिघडत नाही. पण रॅपर तोच ठेवा.

किडाशोधक

टेस्टिंगच्या बाजूने थोडं, कारण शेवटी हे सगळं आमच्या गळ्यात येतं.

रिकामी लिस्ट म्हणजे रिकामा अ‍ॅरे, नल नाही, फील्ड गायब नाही. काही सिरियलायझर (डेटाचं जेसन करणारे भाग) 'रिकामं असेल तर वगळा' अशा सेटिंगवर असतात, मग 'आयटम्स' फील्डच येत नाही आणि क्लायंट लूप लावायला जातो तिथेच पडतो. आणि एकच आयटम असला तरी अ‍ॅरेच. हे हसण्यावारी नेऊ नका, मागे एक्सएमएल असेल आणि मधला कन्व्हर्टर ते जेसन करत असेल तर एक एलिमेंट असताना ऑब्जेक्ट आणि दोन असताना अ‍ॅरे असा प्रकार होतो, कारण त्याला कळतच नाही की ही लिस्ट आहे. दोन रेकॉर्डवर टेस्ट पास, लाइव्हला एकच तक्रार असलेला युजर आला की धडाम.

कुणी अजून सुचवलं नाही पण कुणीतरी सुचवतंच, की अ‍ॅरेऐवजी आयडीला फील्ड करून मॅप पाठवू, शोधायला सोपं. नको. जेसन ऑब्जेक्टमध्ये क्रमाची हमी नाही, आणि जावास्क्रिप्ट तर आकड्यांसारखी दिसणारी फील्ड्स लहान ते मोठी अशीच फिरवतं. तुम्ही सर्व्हरवर ५२, ७, ३१ असा क्रम लावून पाठवलात, ब्राउझरमध्ये ७, ३१, ५२. डेटाबेस लॉगमध्ये क्रम बरोबर, स्क्रीनवर चूक, आणि दोन डेव्हलपर एकमेकांकडे बोट दाखवतायत.

आयडीबद्दल पण. ६४ बिटचा आकडी आयडी असेल तर स्ट्रिंग करून पाठवा. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांक नेमका राहीलच असं नाही, शेवटचे अंक गुपचूप बदलतात आणि भलत्याच तक्रारीला रिक्वेस्ट जाते किंवा ४०४. ट्विटरने २०१० मध्ये मोठे आयडी आणले तेव्हा ह्याचसाठी शेजारी स्ट्रिंगवालं वेगळं फील्ड द्यावं लागलं होतं. जेसन-एपीआय तर आयडी स्ट्रिंगच हवा असं सांगतं.

निळी_शाई

नुसत्या लिंका की आख्खे रिसोर्स हे राहिलंच. नुसत्या लिंका दिल्या की दिसायला शुद्ध, पण लिस्टची एक स्क्रीन दाखवायला एक अधिक वीस रिक्वेस्ट. सगळंच कोंबलं की तुमचं आत्ताचं होतं ते. मधला मार्ग म्हणजे लिस्टमध्ये सारांश: आयडी, विषय, स्थिती, तारीख, तक्रारदाराचं नाव आणि आयडी, कमेंट्सचा फक्त आकडा, आणि स्वतःची यूआरएल. स्क्रीनवर जे दिसतं तेवढं. कमेंट्स ही स्वतः एक लिस्ट आहे, तिला /तक्रारी/५२/कमेंट्स असं वेगळं ठेवा, तिलाही तेच पेजिनेशन. एखाद्या क्लायंटला खरंच जास्त हवं असेल तर 'फील्ड्स' पॅरामीटर द्या, पण सुरुवातीला नको, दिलं की प्रत्येक कॉम्बिनेशन कॅश करायची आणि टेस्ट करायची जबाबदारी येते.

एक नियम मात्र पाळा, सारांशातलं फील्ड आणि पूर्ण रिसोर्समधलं फील्ड यांचं नाव आणि रूप एकच. लिस्टमध्ये 'स्थिती' स्ट्रिंग आणि आत गेल्यावर 'स्थिती' ऑब्जेक्ट असलं काही केलंत तर क्लायंट टीम तुमचं नाव काढेल, चांगल्या अर्थाने नाही.

रात्रपाळी

धन्यवाद लोकहो, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता असं धरतोय: बाहेर ऑब्जेक्ट, 'आयटम्स' कायम अ‍ॅरे, 'नेक्स्ट' मध्ये कर्सरसकट आख्खी यूआरएल किंवा नल, टोटल मागितली तरच आणि मर्यादेपर्यंतच, लिस्टमध्ये सारांश, आयडी स्ट्रिंग, रिकामं असेल तर २००. मोबाइलवाल्याला पान नंबर ऐवजी अंतहीन स्क्रोल पटलाय, त्याने उलट काम कमी झालं म्हणून आनंद व्यक्त केला.

एकच शेवटचं, कुणी लिमिट=५००० पाठवलं तर ४०० देऊ की गुपचूप १०० वर आणू?

सर्व्हरवाला

आमच्याकडे खाली आणतो, गूगलच्या एपीआय डिझाइनच्या नियमातही तसंच आहे, कमालपेक्षा जास्त असेल तर कमालवर आणा, उणे आकडा असेल तर एरर. ४०० देणाऱ्यांचं पण चुकत नाही, क्लायंटला लगेच कळतं. पण खाली आणणार असाल तर डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक लिहा की लिस्ट संपली हे फक्त 'नेक्स्ट' नल असण्यावरून ओळखायचं. नाहीतर लोक 'मागितले ५०००, आले १००, म्हणजे संपलं' असा कोड लिहितात आणि १०० तक्रारींवर रिपोर्ट बनवून मोकळे होतात.